बाकी बठ्ठं तेच

माघात एका दुपारी आप्पा दुकानात आले. बोरीकाठच्या एका खेड्यातले, धोतर-टोपीतले, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी बंडीच्या खिशातून चार घड्या पडलेली एक लग्नपत्रिका काढली, काउंटरवर ठेवली आणि तळहाताने दाबून दाबून सपाट केली. 2009 ची पत्रिका. हळदीचा एक डाग अजून कोपऱ्यावर. म्हणाले, "मन्ही नातनं लगीन शे. मोठीनी हाई पत्रिका तूच छापेल शे. फक्त नाव बदली टाक, बाकी बठ्ठं तेच ऱ्हाऊ दे." आमच्या अहिराणीत बठ्ठं म्हणजे सगळं. हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की माझा निम्मा धंदा त्याच्यावर उभा आहे म्हटलं तरी चालेल. जुनी फाईल उघडायची, चि.सौ.कां.च्या पुढचं नाव बदलायचं, तारीख-मुहूर्त बदलायचा, दुसऱ्या नावाने सेव्ह करायची. एक चहा संपेपर्यंत काम उरकतं. नवा कॉम्प्युटर येऊन आठवडा झाला होता. मोठ्या रुबाबात फाईल शोधली, उघडली, पडदा आप्पांकडे वळवला. वर गणपती होता तसाच होता, कारण तो चित्र होता. त्याच्याखाली मात्र डॉलर, टक्के, कंस, इंग्रजी अक्षरांवर टोप्या, उलटी प्रश्नचिन्हं. पानभर. आप्पांनी चष्मा पुसून पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "हाई कोनती भाषा शे भो?"

परवा या, म्हटलं.

जुना कॉम्प्युटर 2003 चा. पेन्टियम फोर, 256 एमबी रॅम, चाळीस जीबीची हार्ड डिस्क आणि पंधरा इंची टीव्हीसारखा ढब्बू मॉनिटर. पहिल्याच दिवशी विकणाऱ्याशी भांडलो होतो, कारण चाळीसचे पैसे घेतले आणि आत दिसत होते सदतीस. तो म्हणाला, कंपनी हजाराने मोजते आणि कॉम्प्युटर एक हजार चोवीसने. मी मनात म्हटलं, कापसाच्या मापात कट्टी कापतात तसलाच प्रकार. मग सवय झाली. अमळनेरच्या वैशाखात पारा चव्वेचाळीसला टेकला की त्याचं झाकण काढून टेबलफॅन थेट त्याच्या पोटावर लावायचा, आणि कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, धूळ, तापलेल्या सर्किटचा तो करपट गोडसर वास असं सगळं मिळून लग्नसराई सुरू झाल्याचं कळायचं. पाच-सहा वर्षांत त्याच्या बोर्डावरची बटणासारखी बॅटरी गेली. म्हणजे लाईट गेली की तो सगळं विसरायचा, आणि सुरू केल्यावर तारीख दाखवायचा 1 जानेवारी 2002. एफ वन दाब, पुढे चल. बॅटरी काही फार महाग नाही, पण लोडशेडिंगच्या दिवसांत रोज तीनदा लाईट जायची आणि गिऱ्हाईक समोर उभं असायचं, राहूनच गेली. त्यामुळे माझ्याकडच्या शेकडो लग्नांची तारीख त्या यंत्राच्या लेखी एकच आहे. फाईली तारखेप्रमाणे लावल्या तर अख्ख्या तालुक्याची लग्नं नववर्षाच्या पहाटे एकाच मांडवात लागल्यासारखी दिसतात.

त्यातल्या विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 ला रामराम ठोकला. मी त्यानंतरही दहा-अकरा वर्षं तोच वापरला. इंटरनेट त्याला कधी जोडलंच नव्हतं, तेव्हा व्हायरस येणार कुठून, असा माझा युक्तिवाद. भाचा हसायचा. शेवटी भाच्यानेच नवा आणून बसवला. त्याच्या घरी चोपड्याकडे केळी आहे, शिकला इंजिनिअरिंग, बोलतो अजून शेतातलंच. मी त्याला सांगितलं, जुन्यातलं सगळं जसंच्या तसं इकडे आण. तो म्हणाला, "मामा, फाईल येतील. प्रोग्राम नाही येणार. केळीचा घड गाडीत घालून नेता येतो, बाग नेता येत नाही. बाग तिकडे नव्याने लावावी लागते." मला पटलं नाही. प्रोग्रामचं फोल्डर समोर दिसत होतं, नाव लिहिलेलं होतं. उचलून ठेवायला काय जातं? ठेवून पाहिलं. डबल क्लिक केल्यावर त्याने अमुक फाईल सापडत नाही म्हणून हात वर केले. प्रोग्राम बसवताना तो एका फोल्डरात राहतोय असं आपल्याला वाटतं, पण त्याची मुळं विंडोजच्या पोटात कुठे कुठे गेलेली असतात. थोडी सिस्टीमच्या फोल्डरात, थोडी रजिस्ट्री नावाच्या वहीत, जिथे त्याचा पत्ता, परवाना, सवयी सगळं नोंदलेलं असतं. वरचं खोड उपटून आणलं तर ते सुकणारच. त्यातून माझा मराठीचा प्रोग्राम कुलपातला. त्याचं कुलूप म्हणजे प्रिंटरच्या पंचवीस छिद्रांच्या जागी मागे खोचायचा एक ठोकळा. आम्ही डीटीपीवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवणारे, त्याला लॉक म्हणतो. तो खोचलेला असेल तरच मराठी टाईप होणार. चोरी होऊ नये म्हणून केलेली युक्ती, आणि योग्यच होती. नव्या कॉम्प्युटरला मागून-पुढून हात फिरवून पाहिला. पंचवीस छिद्रांची जागाच नाही. माझ्याकडे किल्ली होती, दारच गेलं होतं.

फाईल आणण्याचं काम त्याने पेन ड्राईव्हने सुरू केलं आणि चौथ्या फेरीला कंटाळून डिस्कच बाहेर काढली. पट्टीसारखी रुंद राखाडी वायर सोडवली, चार स्क्रू काढले, आणि चाळीस जीबी माझ्या हातात दिली. गुळाच्या छोट्या ढेपेएवढी जड आणि गरम. कुठलीशी वायर लावून ती नव्याला जोडली. मग त्याने विचारलं, "मामा, कामाचं तेवढंच घेऊ का सगळं?"

कामाचं कोणतं, हे मला सांगता येईना.

लग्न, गंधमुक्ती, वाढदिवस, निवडणूक, किरकोळ अशी फोल्डरं. नावं सगळी इंग्रजी अक्षरांत, कारण तो जुना फॉन्ट फाईलच्या नावात चालायचा नाही. आत पाटील 1 पासून पाटील 386 पर्यंत. खान्देशात हे व्हायचंच. मध्येच 'पाटील नवीन', 'पाटील फायनल', 'पाटील फायनल खरं'. यांतली किती पुन्हा उघडणार? शंभरात पाच. पण ती पाच कुठली, हे आप्पांसारखं कोणीतरी खिशातून कागद काढेपर्यंत कळत नाही. सगळं घे म्हटलं. नव्यात पाचशे बारा जीबी आहेत. माझं सगळं आयुष्य त्याच्या एका कोपऱ्यात जाऊन बसलं आणि तो भरला की नाही तेही कळलं नाही, याचं जरा वाईटच वाटलं. दोन-तीन फाईली वाचता येत नाहीत म्हणून तो अडखळला, आतून टक टक आवाज आला, भाच्याने त्या सोडून दिल्या. कोणत्या ते मी विचारलं नाही.

आमच्याकडे लग्नपत्रिका एका घराची नसते, भावकीची असते. आजोबा-पणजोबांपासून चुलत चुलत्यांपर्यंत, आत्या, मामे, मावश्यांचे यजमान, प्रेषक, निमंत्रक, व्यवस्थापक, आणि तळाला "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" म्हणणारी किलबिल. एका वर्षी एका चुलत भावाचं नाव राहिलं म्हणून पाचशे पत्रिका जशाच्या तशा दुकानात परत आल्या होत्या. तेव्हापासून नावं मी स्वतः बोट ठेवून वाचून घेतो. मोठ्या मुलाच्या पत्रिकेवरून धाकट्याची करायला घेतली की गिऱ्हाईक सांगतं, "आता यांच्यापुढे कै. लावा." मग मी कर्सर 'श्री.'च्या मागे नेतो. त्या फॉन्टमध्ये 'श्री'ची एक कळ आणि टिंबाची एक. दोन बॅकस्पेस. त्याच वेळी दोन ओळी खाली आणखी एक बदल करावा लागतो, तो गिऱ्हाईक सहसा सांगतही नाही, मी समजून घेतो. तिथलं 'सौ.' जातं. पूर्वी त्या जागी 'गं.भा.' लावायचो. आता कोणी तसं सांगितलं तरी मी 'श्रीमती'च लावतो, आणि अजून कोणी तक्रार केलेली नाही. गेलेल्या माणसाची दोन बॅकस्पेसमध्ये नोंद होते आणि त्याचा भार बाईच्या नावावर ठेवायचा, हे मला कधी पटलं नाही. पण वीस वर्षं मीच ते टाईप करत होतो, हेही खरं.

गावातल्या मरणाच्या बातम्या मला अशा कळतात, उशिरा आणि लग्नाच्या घाईत. गंधमुक्तीच्या पत्रिकाही मीच छापतो म्हणा, पण 2020 आणि 2021 च्या फोल्डरात त्या जवळजवळ नाहीतच. माणसं गेली, पत्रिका निघाल्या नाहीत. बोलावणार कोणाला? ती सगळी माणसं मला नंतर दोन-तीन वर्षांत भेटली, कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकेत, नावापुढे 'कै.' लागून.

आप्पांना परवा या म्हटलं होतं, पण ते दुसऱ्या दिवशीच आले. तोवर मी नव्या कॉम्प्युटरवर, नव्या युनिकोड फॉन्टमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना कळणाऱ्या सामाईक पद्धतीत, त्यांच्या कागदावरून निम्मी पत्रिका टाईप केली होती. ती करताना घाम फुटला. अक्षरं तीच, बोटं जुनी. जुन्या पद्धतीत आपण डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने टाईप करतो. पहिली वेलांटी आधी, मग अक्षर. युनिकोडला उच्चार लागतो. अक्षर आधी, वेलांटी मग, ती पडद्यावर भले अलीकडे दिसो. माझी बोटं वेलांटी आधी दाबायची आणि पडद्यावर टिंबांचं एक रिकामं वर्तुळ यायचं, त्याला टांगलेली वेलांटी, अक्षराची वाट बघत. रफाराचं नेमकं उलटं. जुन्यात अक्षरानंतर द्यायचा, नव्यात आधी. भाच्याला विचारलं तर म्हणाला, युनिकोडने 1991 सालीच देवनागरीला स्वतःच्या 128 जागा राखून ठेवल्या होत्या. असतील. अमळनेरच्या बाजारपेठेत ती बातमी पोचायला वीस वर्षं लागली. एक्सपीत मंगल नावाचा फॉन्ट तेव्हाही होता, पण लग्नाच्या पत्रिकेवर मंगल कोण लावणार? नाव तेवढं लग्नाला साजेसं, तोंडवळा सरकारी परिपत्रकाचा.

आप्पांनी नवा प्रूफ आणि जुनी पत्रिका शेजारी शेजारी ठेवली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मोठीनं अक्षर जाडं, आन हिनं बारीक का बरं?" मी समजावलं, फॉन्ट वेगळा आहे, हा नवा आहे, जास्त सुबक आहे. ते ऐकून घेत होते, मान डोलवत होते. पण मला दिसत होतं की त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललंय. दोन नाती. थोरलीच्या लग्नाला तिचा बाप होता. धाकटीचं लग्न आजोबा करताहेत. उद्या तिने दोन्ही पत्रिका शेजारी ठेवल्या तर तिला फरक दिसता कामा नये.

तेवढ्यासाठी जुना कॉम्प्युटर परत उघडला. डिस्क आत बसवली, पट्टी लावली, बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, आणि मॉनिटर काळा तो काळाच. एफ वन दाब म्हणून विनवायचीही सोय त्याने ठेवली नाही. रात्री भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, मी फक्त कामाची फोल्डरं घेतली ना. फॉन्ट विंडोजच्या आतल्या फोल्डरात असतात, ते राहिले." पुन्हा डिस्क काढली, वायरीने जोडली, आत शिरून फॉन्टच्या फाईली शोधल्या आणि नव्यात टाकल्या. आप्पांची फाईल उघडली. डॉलर आणि टक्के पुसल्यासारखे गेले आणि खालून जाड, गोल, ओळखीची अक्षरं वर आली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी दुकानात एकटाच "हां!" म्हणून ओरडलो.

पण ते फक्त वाचता येत होतं. लिहायचा प्रोग्राम कुलपाआड राहिलेला. काही अक्षरं इंग्रजी कळा दाबून सापडतात, पण कुठलं कुठे ते कोणाला पाठ? क लिहायचा तर अर्धा क एका कळेवर, त्याची उभी दांडी दुसऱ्या कळेवर. हे फॉन्ट तसेच बनलेले. कॉम्प्युटरला वाटतं आपण इंग्रजी लिहितोय, आणि आपण त्याच्या इंग्रजी घरांत देवनागरीचे तुकडे ठेवून दिलेले. तुकडे जोडायचे आणि शब्द करायचा.

हे मी आधी कुठे पाहिलं होतं ते मला त्या रात्री आठवलं. आमचे वडील कंपोझिटर. ट्रेडलवर छापणाऱ्या प्रेसमध्ये उभ्याने खिळे जुळवायचे. समोर उतरती लाकडी केस, तिच्यात लहान-मोठी घरं, डाव्या हातात स्टिक. उजवा हात न बघता त्या घरांत जायचा, तुकडा वेचायचा. अर्धी अक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या, सगळं सुटं आणि उलटं. छापून झालं की फर्मा सोडायचा आणि प्रत्येक खिळा धुऊन परत आपापल्या घरी टाकायचा, हे काम मी लहानपणी केलंय. बोटांना शाई आणि घासलेटचा वास बसायचा, शाळेत बाजूचा मुलगा नाक दाबायचा. झिजलेले खिळे आम्ही वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात साठवायचो. डबे आमच्याच गावच्या कारखान्याचे. 1945 साली इथे तेल-तुपाचा म्हणून निघालेला तो कारखाना पुढे विप्रो नावाने कॉम्प्युटरमध्ये गेला. त्याचे शेअर ज्यांनी ठेवले त्यांच्या आणि ज्यांनी विकले त्यांच्या कहाण्या गावात चहाबरोबर मिळतात. आमच्याकडे शेअर नव्हते, डबे होते. मी कॉम्प्युटर आणला त्या वर्षी वडलांनी केसेस आणि डबे किलोवर मोडीत घातले. शिसं होतं, भाव बरा आला. तराजूत टाकताना ते काहीच बोलले नाहीत, फक्त एक खिळा उचलून उजेडात धरून पाहिला आणि परत टाकला. कुठलं अक्षर होतं ते मी तेव्हाही विचारलं नाही. ट्रेडलवरून आमच्यापर्यंत काय आलं म्हणायचं? पाट्या नाहीत, खिळे नाहीत. नावं बोट ठेवून वाचून घ्यायची सवय तेवढी वडलांची.

सकाळी आप्पांना शेजारी खुर्ची दिली. पत्रिका उघडली. आणि अक्षरं वेचायला लागलो. धाकटीच्या नावातलं पहिलं अक्षर थोरलीच्या मामाच्या नावातून. वेलांटी 'विवाह' मधून. मुहूर्ताचे आकडे पिनकोडमधून. नावात एक 'ज्ञ' होता, तो अख्ख्या पत्रिकेत कुठे मिळेना. दुसऱ्या फाईली धुंडाळल्या, आणि शेवटी तो सापडला तत्त्वज्ञान मंदिरातल्या एका व्याख्यानाच्या जुन्या पत्रकात. प्रतापशेठजींनी 1916 मध्ये काढलेल्या त्या संस्थेतून एक अक्षर उचलून मी एका नवरीच्या नावात बसवलं. आप्पांना सांगितलं तर त्यांना भारी गंमत वाटली. चहा मागवला, पैसेही त्यांनीच दिले.

मग नावं. मी एकेक ओळ वाचायची, त्यांनी मान हलवायची. थोरले बंधू. "तो बी गया." त्यांचे मेहुणे. नुसता हात वर झाला. मग नवरीचे वडील. त्या ओळीवर मी बोट ठेवलं आणि वाचलं नाही. आप्पाही काही बोलले नाहीत. 2021 चा एप्रिल मला माहीत होता. 'कै.' टाईप करता येत नव्हतं. वर पणजोबांच्या नावापुढे एक होतं, तेच कॉपी केलं. एक, दोन, तीन. 'श्री.' पुसायला बॅकस्पेसवर बोट ठेवलं, पण अक्षरं मिळवायला इतकी मारामार झालेली की हातून पुसवेना. कट केलं आणि पानाच्या बाहेर, बाजूच्या पांढऱ्या जागेत ठेवून दिलं, लागलं तर असू दे म्हणून. नवरीच्या आईचं 'सौ.'सुद्धा. 'श्रीमती'साठी त्यातल्याच एकाची नक्कल घेतली, टिंब सोडून.

शेवटी प्रेषक म्हणून आप्पांचं नाव. माझा कर्सर सवयीने त्या ओळीवर गेला असावा, कारण आप्पा खुर्चीतून पुढे झुकले.

"मन्हा नावले हात नको लावू," ते म्हणाले. "मी शे आजून."

तीनशे पत्रिका छापल्या. जाड अक्षरात, जुन्यासारख्याच गुलाबी कागदावर. त्या गेल्यानंतर फाईल एकदा उघडून पाहिली. पानाबाहेर डाव्या हाताला तीन 'श्री.' आणि एक 'सौ.' पडून आहेत. छपाईत ते येत नाहीत. सेव्ह करू का, असं कॉम्प्युटरने विचारलं, हो म्हटलं.